बावड्याच्या ओढ्यात दोन व्याही

नेसरीहून कसबा बावड्याला जाऊन येणं, याला कुणी प्रवास म्हणत नाही. आमच्या वाचनालयाच्या अंकात लोक काशी, बद्रीनाथ, दुबई असलं लिहितात. मागच्या अंकात एकाने सिंगापूरच्या स्वच्छतेवर चार पानं लिहिली. मी मे महिन्याच्या शेवटी तीन दिवस बावड्याला होतो आणि त्यातले जेमतेम दोन तास पाण्यात. पण त्या दोन तासांबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच आहे, कारण मी घाबरलो होतो आणि घाबरलेल्या माणसाला सगळं लक्षात राहतं.

आधीच सांगून टाकतो, मी भित्रा माणूस आहे. कुत्र्याला भितो, विजेला भितो, शिडीच्या तिसऱ्या पायरीपलीकडे कधी चढत नाही. पण सगळ्यांत जास्त भितो ते पाण्याला. आमचं बी-बियाणांचं दुकान. बरोबरीची पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत उड्या टाकायची तेव्हा मी वडिलांजवळ हरभऱ्याच्या पोत्यावर बसून असायचो. त्यामुळे पोहायचं राहिलं ते राहिलंच. आता साठी जवळ आली.

गिरिजा माझी एकुलती एक मुलगी. तिने स्वतःच्या मनाने बावड्यातल्या मराठा घरात लग्न केलं. आम्ही लिंगायत, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. लग्नाला मी उभा राहिलो, अक्षता टाकल्या, पण त्यानंतर दोन वर्षांत तिच्या घरी एकदाही मुक्कामाला गेलो नाही. ती फोन करायची, मी "बरं हाय, अव्वाशी बोल" म्हणून फोन बायकोच्या हातात द्यायचो. या मे महिन्यात तिने एवढंच विचारलं, "अप्पा, तुम्ही माझ्या घरी कधी जेवणार हाय का न्हाई?" दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरली.

शनिवार

बावडा म्हणजे धड गाव नाही आणि धड शहरही नाही. एका बाजूला साखर कारखान्याची चिमणी, दुसऱ्या बाजूला ऊस, आणि मध्ये जिथे जागा सापडेल तिथे तीन मजली इमारती. गिरिजाचं घर अशाच एका इमारतीच्या मागे. दारात दोन म्हशी, म्हशींच्या शेडात कडब्याच्या पेंढ्या, आणि पेंढ्यांवर दोन हिरव्यागार प्लॅस्टिकच्या होड्या.

माझे व्याही आनंदराव कारखान्यातून निवृत्त झालेले. आडवा बांधा, मोठा आवाज. शेजारच्या माणसाशीही नदीपलीकडे उभं राहिल्यासारखे बोलतात. मी दारात पाऊल टाकलं आणि त्यांनी गल्ली जागी केली.

"या की पावणं! दोन वर्सं वाट बघायला लावलासा! आता चार दिवस सोडत न्हाय."

आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी, मग गूळ, मग हळूहळू चौकशी. बावड्यात पाणी, चहा आणि चौकशी एकदमच अंगावर येते. मी चहा प्यायच्या आत पाऊस कसा, दुकान कसं, गुडघा कसा, सगळं विचारून झालं होतं. विहीणबाई मात्र शांत. त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून एक नवाकोरा तवा आणि दोन पातेली दाखवली. तव्यावरची कंपनीची चिठ्ठी अजून तशीच होती.

"ह्ये तुमच्यासाठी घ्येतलंय. ह्येला मासळीचा हात लागल्याला न्हाय बघा," त्या म्हणाल्या.

दोन वर्षं मी या बाईच्या हातचं पाणी प्यायला आलो नव्हतो. भाकरी, मसूर आणि खर्डा असं जेवलो आणि मान खाली घालून जेवलो.

जेवणानंतर आनंदराव मला शेडात घेऊन गेले. या होड्यांना कयाक म्हणतात. आमच्या जावयाने रविवारच्या मासेमारीसाठी पुण्याहून मागवल्या होत्या. त्याला या रविवारी कामावर जायचं होतं, म्हणून दुसरी कयाक रिकामी. मी वाकून पाहिलं तर कयाकच्या बुडाला आरपार भोकं होती.

"ही भोकं कशाची?"

"आत आल्यालं पाणी खाली जायाला."

"आन् खालचं पाणी वर यायला?"

आनंदराव पोट धरून हसले. मी विनोद केला नव्हता. आमच्या भागात पुराच्या वेळी माणसं गूळ शिजवायच्या मोठ्या काहिलीत बसून पलीकडे जातात. काहील गरगर फिरते, पण निदान तिच्या बुडाला कुणी भोकं पाडत नाही. मी हे सांगणार होतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पवाय येतंय न्हवं?"

गिरिजा म्हशीला वैरण टाकत होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या लहानपणी मी तिला मोठ्या फुशारकीने सांगितलं होतं की तुझा बाप घटप्रभा नदी पोहून गेलाय. पोरीला काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलेलं.

"व्हय की, येतंय," मी म्हणालो.

"मग झालं तर! सकाळी सहाला निघायचं."

त्या रात्री झोप आली नाही एवढंच लिहितो.

रविवार, सकाळी

बावड्याच्या खालच्या अंगाला पंचगंगेवर एक बंधारा आहे. बंधारा म्हणजे दगडी खांबांची रांग आणि वर चालायला पूल. दोन खांबांमध्ये खाचा असतात, त्यांत लोखंडी पाट एकावर एक बसवतात. या पाटांना बरगे म्हणतात. पावसाळा संपला की बरगे घालून पाणी अडवायचं आणि मिरगाच्या आधी काढून टाकायचे, अशी रीत. बरगे घातले की पाणी मागे फुगतं, गावच्या ओढ्यातही शिरतं. एरवी ज्या ओढ्यात म्हैस गुडघाभर भिजते, तिथे उन्हाळ्यात दोन पुरुष पाणी उभं असतं. मासे तिथे येतात आणि माशांमागे आनंदराव.

शनिवारी संध्याकाळी चौकात आम्ही ऐकलं होतं की खालच्या गावांचा ऊस वाळत चाललाय, त्यांना पाणी सोडायला रविवारी सकाळी बरगे काढणार आहेत. मी लगेच म्हणालो, "मग जायला नको." जिवात जीव आला होता माझ्या.

"आवो, सकाळी म्हंजे त्येंच्या सकाळी," आनंदराव म्हणाले. "आकराला साखळी आणणार, बाराला च्या पिणार, मग एक बरगा हालणार. तवर आपुन मासं घिऊन घरात."

बरगे या भागातल्या माणसाला काही नवीन नाहीत. दरवर्षी घालतात, दरवर्षी काढतात, आणि दरवर्षी उशीर होतो. त्यामुळे आनंदरावांचं बोलणं मलाही पटलं. खरं तर पटवून घेतलं, कारण आता नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

ओढ्यावर गेलो तर अंगात घालायचं तरंगणारं जॅकेट एकच. दुसरं शेडात उंदरांनी कुरतडलेलं. आनंदरावांनी ते माझ्या अंगात चढवलं.

"आन् तुमी?"

"मी बावड्याचा हाय पावणं. नदीत वाढलोय. पावण्याचा मान पयला."

मी दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो नाही. जॅकेटचे पट्टे आवळले तशी गळ्यातल्या लिंगाची चांदीची डबी छातीत रुतली. बरं वाटलं मला ते रुतणं. कयाकमध्ये बसलो, ती डावीकडे कलली, मी उजवीकडे कललो, ती माझ्यामागून उजवीकडे आली, आणि मी मोठ्याने शिवाचं नाव घेतलं. काठावर धुणं धुणारी एक बाई हसून म्हणाली, "आज्जा, दम खावा की जरा!"

पण खरं सांगतो, पहिला पाऊण तास सुखाचा गेला. भीती होती, पण ती मांडीवर झोपलेल्या मांजरासारखी गप्प होती. दोन्ही काठांना बाभळी, त्यांच्यावर पांढरे बगळे. पाण्यावर केंदाळाचे हिरवे पुंजके आणि त्यांची जांभळी फुलं. बाभळींच्या वर नव्या इमारतींचे गच्चीवरचे टाके दिसत होते. कुणाच्या तरी घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. शेतकऱ्यांच्या मोटारींचे जाड काळे पाईप काठावरून पाण्यात उतरलेले, आणि प्रत्येक पाईप बाभळीच्या बुंध्याला दोराने बांधलेला. मी ओढा नदीला मिळतो त्या तोंडाशीच एका पाईपजवळ थांबलो. हाताला धरायला काहीतरी आहे, एवढाच विचार.

आनंदरावांनी माझ्या गळाला गांडूळ लावलं नाही. घरून कणकेचा गोळा आणला होता.

"तुमचा गळ शाकाहारी," ते म्हणाले, आणि स्वतःच्या विनोदावर इतके हसले की बगळे उडाले.

त्या शाकाहारी गळाला एक चिलापी लागली. तळहाताएवढी, करडी, तोंडाची उघडझाप करत होती. मला तिला हात लावायचा धीर होईना आणि तशीच लटकत ठेवायचाही. आनंदरावांनी जवळ येऊन ती सोडवली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि परत पाण्यात सोडली. मला तो माणूस त्या क्षणी फार आवडला.

मग ते मरळ शोधायला ओढ्यात वर गेले. त्यांच्याकडे मुठीएवढ्या लाकडाला गुंडाळलेलं जाड तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी होती, पुढे भलामोठा गळ. रीळ, काठी असली थेरं त्यांना नको. तंगुसाचं एक टोक त्यांनी कयाकच्या कडीलाच बांधलं होतं. मोठी मरळ हाताला दाद देत नाही, होडीला देते, असं म्हणाले.

रविवार, साडेसातनंतर

मला आधी केंदाळ दिसलं. आतापर्यंत जागच्या जागी डुलणारे पुंजके एकामागून एक नदीकडे निघाले होते, कुठल्याही वाऱ्याशिवाय. मग पाईपकडे पाहिलं. त्याच्यावर वीतभर ओला पट्टा उघडा पडला होता. मी बघता बघता तो दीड वीत झाला. तोंड उघडलं पण आवाज निघेना.

काठावरून एक माणूस ओरडत पळत आला. "ए आनंदराव! बरगं काढल्यात! खालची मान्सं पाटंच टॅक्टर घिऊन आल्यात! भायेर निघा!"

म्हणजे झालं होतं असं, की खालच्या गावचे शेतकरी अकराची वाट बघत बसलेच नव्हते. ऊस त्यांचा वाळत होता. ते स्वतःच साखळ्या आणि ट्रॅक्टर घेऊन पहाटे आले होते आणि सगळ्यांनी मिळून सपाट्याने बरगे उपसले होते.

ओढ्याच्या तोंडातून मला बंधारा दिसत होता. तीन-चार गाळ्यांमधून पाणी पांढरं होऊन पलीकडे कोसळत होतं आणि त्याचा आवाज आता माझ्या बसायच्या जागेपर्यंत येत होता. माझी कयाक आपोआप वळली. मी वल्हं टाकलं आणि पाईपचा दोर धरला. पाण्याने कयाक नदीकडे ओढली, दोर ताणला, हाताची कातडी निघाली. पण मी थांबलो.

मागून आनंदराव आले. त्यांनी वल्हं मारून काठ गाठायचा प्रयत्न केला. वल्हं बाभळीच्या मुळांत अडकलं आणि हातातून गेलं. आता ते नुसतेच वाहत येत होते, दोन्ही हातांनी कयाकच्या कडा धरून. ते माझ्याजवळून जाणार एवढ्यात मी उजवा हात लांबवला आणि त्यांच्या कयाकच्या टोकाचा पट्टा पकडला. कसा पकडला मला माहीत नाही. डाव्या हातात दोर, उजव्या हातात व्याही, आणि मधे मी.

"पावणं, सोडू नगासा," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "मला पवाय येत न्हाय."

"आवो, नदीत वाढलासा म्हणालासा की!"

"वाढलोय. पन पवाय न्हाय येत. तुमच्याम्होरं कसं सांगायचं?"

मीही ओरडलो, "मलाबी येत न्हाय!"

ते बघतच राहिले. दोन घरांचे दोन म्हातारे, एकमेकांसमोर मान खाली जाऊ नये म्हणून खोटं बोलून, एका दोराला लटकलो होतो. दुसऱ्या कुठल्या वेळी आम्ही दोघेही हसलो असतो.

पाणी वाढत्या जोराने ओढत होतं. डावा हात खांद्यातून निखळतोय असं वाटायला लागलं. काठावरचा माणूस दोर आणायला पळाला होता. मी दोराकडे पाहिलं, मग बंधाऱ्याच्या त्या पांढऱ्या पाण्याकडे पाहिलं, आणि माझ्या मनात एकच गोष्ट आली की दोन्ही हातांनी दोर धरला तर मी वाचेन. दुसरं काही नाही. गिरिजा आठवली नाही, विहीणबाई आठवल्या नाहीत. जॅकेट माझ्या अंगात होतं आणि ते ज्याने घातलं तो समोर उघड्या छातीने बसला होता, हेही आठवलं नाही. नंतर मी स्वतःला पुष्कळ विचारून पाहिलं, की त्यात लग्नाचा जुना राग होता का? नव्हता. राग असता तर निदान ते माणसासारखं झालं असतं. नुसती भीती होती.

मी पट्टा सोडला.

हात निसटला नाही. मी बोटं उघडली आणि तो हात दोरावर नेला. आनंदराव माझ्यापासून दूर जायला लागले. त्यांनी हाक मारली नाही, शिवी दिली नाही. नुसते माझ्याकडे बघत होते.

ते पंधरा-वीस फूट गेले असतील, आणि माझ्या पाठीला असा हिसका बसला की मी मागे आडवा झालो. त्यांच्या कयाकमागून पाण्यात फरफटत आलेला तो मोठा गळ माझ्या जॅकेटच्या पट्ट्यात रुतला होता. तंगूस ताणलं. त्यांची कयाक जागीच थबकली, मग गोल वळून काठाकडे सरकली आणि केंदाळात घुसली. तिथे दुसऱ्या एका मोटारीचा पाईप होता. त्यांनी त्याला मिठी मारली. हे सगळं दहा श्वासांत झालं असेल, पण ते दहा श्वास मी तंगूस तुटायची वाट बघत होतो.

मग खालच्या गावचे चौघे ट्रॅक्टरचे दोर घेऊन धावत आले. आम्हाला चिखलातून ओढून काढताना त्यांच्यातला एक जण सारखा कडाडत होता, "पाणी उसाला सोडलंय आमी, तुमास्नी व्हाऊन न्यायला न्हाय!" आनंदरावांना नीट उभं राहता येईना. मला उभं राहता येत होतं, पण दात वाजत होते, मे महिन्याच्या उन्हात.

थोड्या वेळाने आनंदराव माझ्या मागे आले आणि जॅकेटमधला गळ काढायला लागले. काढता काढता जमलेल्या लोकांना त्यांनी नेहमीच्या आवाजात सांगितलं, "आमच्या पावण्यांनी धरून ठिवलं मला. न्हाईतर आज संपलाच हुता कारभार."

मी काही बोललो नाही. वाटलं, त्यांना खरंच कळलं नसेल. माझा हात निसटला असं वाटलं असेल. त्या विचाराला मी घरी पोचेपर्यंत चिकटून राहिलो, त्या दोरासारखाच.

घरी गिरिजा दारातच होती. तिला सगळं आधीच कळलं होतं, बावड्यात बातमी पाण्यापेक्षा लवकर पोचते. ती धावत आली आणि सासऱ्यांकडे न जाता माझ्या गळ्यात पडली. लग्नानंतर पहिल्यांदा. विहीणबाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्या नव्या तव्यावर माझ्यासाठी पोळ्या टाकायला बसल्या. तूप घालून पाच पोळ्या वाढल्या. मी त्या खाल्ल्या. प्रत्येक घास खाली उतरवायला पाण्याचा घोट लागला.

सोमवार

आनंदराव मला स्टँडवर सोडायला स्कूटरवरून आले. गडहिंग्लजची गाडी लागलेली होती. त्यांनी माझी पिशवी आत खिडकीजवळ ठेवली, खाली उतरले आणि खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले.

"पावणं, एक बोलू?" ते हळू म्हणाले. त्यांना हळू बोलता येतं हे मला तोपर्यंत एकदाच कळलं होतं, ओढ्यात. "तुमी हात सोडलासा. मी बगितलं."

मी पिशवीचा बंद उगाच सोडला आणि परत बांधला.

"मनाला लावून घिऊ नगासा. म्या काल रातभर इच्यार केला. तुमच्या जागी मी आसतो तर मीबी सोडला आसता. पोरीला न्हाय कळायचं. माझ्याकडनं तरी न्हाय."

कंडक्टरने घंटी मारली. मला त्यांचा हात धरायचा होता, पण तो उजवा हात पुढे करायला लाज वाटली. तेवढ्यात गाडी हलली.

नेसरी

घरी येऊन महिना झाला. गिरिजा आता रोज संध्याकाळी फोन करते आणि अव्वाला नाही, मला बोलावते. मामांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, कुणाकुणाला काय सांगितलं ते सांगते. तिच्या गल्लीत, दूध डेअरीवर, कारखान्याच्या जुन्या माणसांत सगळीकडे माझं नाव झालंय. परवा म्हणाली, "अप्पा, तुम्ही मामांना सोडलं न्हाईसा. आता ह्या घरात कुणी मला परकं म्हणत न्हाई." दोन वर्षांत तिचा एवढा मोकळा आवाज मी ऐकला नव्हता. मी "व्हय, व्हय" म्हणतो. फोन ठेवल्यावर मला ओढ्यात वाटली होती त्याहून जास्त भीती वाटते, की कधीतरी कुणीतरी तिला सांगेल. आणि मग वाटतं, कुणीच सांगणार नाही, आनंदराव शब्दाचे पक्के आहेत, आणि मी असाच तिच्या तोंडून माझं कौतुक ऐकत मरेन.

आमच्या वाचनालयाचा अंक अव्वा दरवर्षी तिला पोस्टाने पाठवते. ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते, हे मला माहीत आहे.

गिरिजा, मी हात सोडला होता.